तेरावं रीळ

परवा संध्याकाळी टीव्हीवर सिनेमाच्या बक्षिसांचा सोहळा चालू होता. एक नट हातात बाहुली धरून आभार मानत होता. आईचे, बायकोचे, गुरूंचे, ड्रायव्हरचे, शेवटी घरच्या कुत्र्याचेसुद्धा. मी उठून आतल्या खोलीत जाऊन बसलो. सून मागोमाग आली. "बाबा, बरं वाटत नाही का?" म्हणाली. आता तिला काय सांगणार? आभारप्रदर्शन हा प्रकार मला पस्तीस वर्षांपासून सोसत नाही. मी स्वतः एकदा भर सभेत आभार मानताना एक नाव गाळलं होतं, आणि ते विसरून नव्हे.

ते नाव सुखदेव तायड्यांचं. अकोल्याच्या आमच्या थिएटरात ते ऑपरेटर होते.

'आमचं' म्हणायचं ते सवयीनं. थिएटर शेठजींचं होतं, मी फक्त नवशिका वकील. अशील नसलेल्या वकिलाला दुपारी कुठंतरी बसावंच लागतं, तसा मी तिथं बसायचो. तिथंच आम्ही पाच-सात जणांनी चित्ररसिक मंडळ काढलं. सालातून एकदा मराठी चित्रपटांचा गौरव करायचा, आणि तोही कोणा पंडितांच्या नव्हे तर लोकांच्या मतानं, अशी कल्पना. अकोल्याला, अमरावतीला, खामगावला थिएटरांच्या दारात पेट्या ठेवायच्या, चांदूर रेल्वेला तंबूतला सिनेमा यायचा तिथंही ठेवायची, आणि वर्षअखेर चिठ्ठ्या मोजायच्या. बक्षीस काय द्यावं यावर तीन बैठका झाल्या. शेवटी शेठजी कंटाळून म्हणाले, "मुंबईवाले बाहुली देतेत ना? आपन बोंड देऊ." म्हणून सागवानी ठोकळ्यावर चांदीचं फुटलेलं कापसाचं बोंड. पुण्या-कोल्हापूरची मंडळी ते हातात घेऊन आधी बुचकळ्यात पडत, मग हसत. मी मंडळाचा चिटणीस. म्हणजे हार आणणारा, पाहुणे उतरवून घेणारा, आणि समारंभाच्या शेवटी आभार मानणारा.

तायडे उंच, हडकुळे. अंगात नेहमी पांढरा सदरा, आणि नवा सिनेमा लागायचा त्या दिवशी तो कडक इस्त्रीचा. उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचे डाग. मशिनीत उजेडासाठी जळणाऱ्या कार्बनच्या कांड्या पेटत्या असताना सरकवाव्या लागत, त्याची ती खूण. लोखंडी जिन्यानं वर गेलं की त्यांची केबिन. आत दोन मशिनं, भिंतीला रिळांचे डबे, आणि पडद्याकडच्या भिंतीत प्रत्येक मशिनीला दोन भोकं. त्याचा अर्थ त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितला. "हे मशिनीचं भोक. अन् हे मानसाचं. मशीन फिल्लम पाह्यते, मी लोक पाह्यतो."

आणि खरोखरच पाहायचे. सिनेमा कसा आहे असं विचारलं तर गोष्ट कधी सांगता यायची नाही त्यांना. पण चालेल की पडेल ते पहिल्या दिवशी सांगायचे आणि ते चुकत नसे. मी एकदा गुपित विचारलं.

"पाय पाह्यजा वकीलसाहेब. फिल्लम वाईट असली का लोकं आधी चप्पल शोधतेत. चांगली असली का उठतेत अन् तसेच उभे राह्यतेत."

छप्पन सालानंतर केबिनीतली देवांची कॅलेंडरं त्यांनी उतरवली आणि तिथं बाबासाहेबांचा एक छोटा फोटो लावला. दसऱ्याला दुसऱ्या थिएटरांत मशिनीपुढं नारळ फुटे. तायडे त्या दिवशी मशीन सगळं खोलून, पुसून, तेल घालून परत बसवत. शेठजींनी एकदा कुरकुर केली, तेव्हा म्हणाले, "शेठजी, मशिनीले नारळ खाता येत नाई. तेल पेते थे." शेठजी हसले आणि पुढल्या वर्षापासून नारळाऐवजी तेलाचा डबा पाठवू लागले.

त्या काळी फिल्मची चोरटी कात्रणं विकायचा धंदा जोरात होता. नाचाच्या, गाण्याच्या जागी दोन-चार वीत पट्टी कापून घ्यायची आणि शौकिनांना द्यायची. एक दिवस एका बड्या घरचे चिरंजीव केबिनीत येऊन म्हणाले, नायिकेची एवढीशी पट्टी द्या. तायड्यांनी त्यांना स्टुलावर बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाले, "बाप्पू, हे बाई आठ दिवस आपल्या घरी पाव्हनी आली हाय. तिचा पदर कापून तुमाले देऊ?" चिरंजीव पाणी न पिताच उतरले.

फिल्म तुटली की खाली शिट्ट्यांचा पाऊस पडायचा. तायडे बहिरे झाल्यासारखे सांधा जोडत बसत. घाई करणारा ऑपरेटर हातभर फिल्म उडवतो आणि पुढं जातो. तायडे फिल्मवरची दोन चित्रं गेली तरी हळहळत. शिवाय त्यांची एक रीत होती, जी मी दुसऱ्या कोणाकडं पाहिली नाही. त्या भागात एका सिनेमाची बहुधा एकच प्रत फिरायची. अमरावतीच्या वितरकाकडून रेल्वेनं यायची, आणि आमच्याकडून पुढल्या गावी जायची. तायडे परत पाठवताना डब्यात पुढच्या ऑपरेटरसाठी चिठ्ठी घालत. 'नववं रीळ, मध्यावर सांधा आहे, सांभाळून.' कधी कधी त्याच चिठ्ठीखाली पुढच्यानं उत्तर लिहिलेलं असे. एकमेकांचं तोंड न पाहिलेली ही माणसं अशी डब्यांतून बोलत. हे सगळं अशासाठी सांगतो, की जो माणूस दुसऱ्याच्या सिनेमाची बोटभर पट्टी कापू देत नव्हता, तो काय करून बसला ते ऐकून माझी काय अवस्था झाली असेल ते कळावं.

चीनच्या लढाईनंतरच्या एका वर्षातली गोष्ट. कोल्हापूरच्या एका दिग्दर्शकाचा एक कौटुंबिक सिनेमा आमच्याकडं लागला. नाव सांगत नाही, त्यांच्या घरची माणसं आहेत. संशयावरून नवरा बायकोला मारतो, छळतो, शेवटी एक दिवस ती घराबाहेर पडते. मी चौथ्या आठवड्यात पाहिला. ती दार उघडते, उन्हात येते, रस्त्याला लागते, मागं वळत नाही. पडद्यावर 'समाप्त'. लगेच राष्ट्रगीत. आम्ही सगळे ताठ उभे, आणि माझ्या अंगावर काटा. मराठी सिनेमात असा शेवट! नवऱ्याच्या पाया पडणं नाही, पश्चात्ताप नाही, काही नाही! घरी आलो आणि तासभर बायकोपुढं तारीफ केली. तिनं तो पहिल्या बुधवारी बायकांच्या खास खेळाला पाहिला होता. ती म्हणाली, "अहो, पण ती परत जाते ना शेवटी? नवरा पाया पडतो, ती त्याला उठवते, मग तुळशीपुढं दिवा..."

"तू झोपली असशील," मी म्हणालो.

"मी रडत होते. रडताना झोप येते का कोणाला?"

बाररूममध्येही दोघा वकिलांत हाच वाद पेटला होता. मी वकिली थाटात निकाल दिला, की दिवा दुसऱ्या कुठल्या सिनेमातला. त्यामागे काय असेल याची पुसटशी शंकासुद्धा मला आली नाही. मधे चार दिवस तायडे कामावर नव्हते, पोरसवदा असिस्टंटानं खेळ चालवले, हे मला ठाऊक होतं. परत आल्यावर मी म्हटलं, "काय तायडे, कुठं दडी मारली?"

"घरी काम होतं," ते म्हणाले. मी पुढं विचारलं नाही.

वर्ष संपलं, पेट्या फुटल्या. तो सिनेमा इतक्या पुढं होता की दुसऱ्याचं नाव घ्यायची गरज नव्हती. लोकांनी चिठ्ठ्यांवर नावाबरोबर चार-चार ओळी लिहिल्या होत्या आणि बहुतेक सगळ्या शेवटाबद्दल. अमरावतीच्या एका बाईनं लिहिलं होतं, 'कोणीतरी एकदा जाऊ दिलं तिला.' ती चिठ्ठी मी बैठकीत दोनदा वाचून दाखवली.

आमची पद्धत अशी की समारंभाच्या दिवशी दुपारी बक्षिसाचा सिनेमा फुकट दाखवायचा, पाहुण्यांनी लोकांत बसून तो पाहायचा आणि सहा वाजता त्याच थिएटरात बक्षीस. दिग्दर्शक येतो म्हणाले. दोन दिवस आधी मी बिल्ले मोजत जिन्यावर उभा होतो, तेव्हा तायडे खाली आले.

"वकीलसाहेब, एक इचारू का?"

"बोला लवकर."

"रविवारी पुरी फिल्लम लावू, का लोकायनं पाह्यली थे लावू?"

मला प्रश्न कळला नाही, आणि कळून घ्यायला सवड नव्हती. मी म्हणालो, "लोकांनी ज्याला मतं दिली तेच लावायचं, तायडे. हे काय विचारणं झालं?"

"बरं. मंग तुमच्या सबदावर," म्हणाले आणि वर गेले.

रविवारी थिएटर तुडुंब. दिग्दर्शक पुढच्या रांगेत शेठजी आणि माझ्यामध्ये बसलेले, गळ्यात झेंडूचा हार. लोक कुठं हसतात, कुठं गप्प होतात ते पाहून गृहस्थ सुखावले होते. ती घराबाहेर पडली. रस्त्याला लागली. दिग्दर्शक माझ्या कानाशी म्हणाले, "आता बघा हं." आणि पडद्यावर आलं 'समाप्त'. काचेच्या स्लाइडवर हातानं लिहिलेलं. ते हातचं आहे हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

"हे काय? रीळ कुठं आहे माझं?" दिग्दर्शक ओरडून उठले, आणि त्याच क्षणी राष्ट्रगीत सुरू झालं.

ती बावन्न सेकंदं मी जन्मात विसरणार नाही. हजारभर माणूस ताठ उभा. दिग्दर्शकही ताठ उभे, हात मांड्यांना चिकटलेले, चेहरा लालबुंद, ओठ थरथरताहेत आणि तोंडातून शब्द काढता येत नाही. शेठजींच्या कपाळावर घाम. माझ्या डोक्यात जिन्यावरचा प्रश्न आत्ता कुठं उलगडत होता. पुरी फिल्लम, का लोकायनं पाह्यली थे. गीत संपलं तसे दिग्दर्शक हार ओरबाडून काढत मागच्या जिन्याकडं धावले आणि आम्ही दोघं त्यांच्यामागं.

तायडे केबिनीत उभेच होते. इस्त्रीचा सदरा. बाजूला स्टुलावर तेरावा, शेवटचा डबा, बंद.

"कापलंस? माझं रीळ कापलंस?" दिग्दर्शक जवळजवळ रडत होते.

"नाई साहेब. एक चित्र कापलं नाई. पाहून घ्या."

दिग्दर्शकांनी झाकण काढलं. रीळ नीट, स्वच्छ, गुंडाळलेलं होतं. त्यावर एक घडी केलेला कागद. त्यांनी तो उघडला आणि मी त्यांच्या खांद्यावरून वाचला. तायड्यांच्या सरळ, शाळकरी अक्षरात लिहिलं होतं:

'पुढील ऑपरेटर बंधूस. या डब्यातलं रीळ चांगलं आहे. कुठंही फाटलेलं नाही. माझी बहीण अनसूया मार खाऊन माहेरी आली होती. पहिल्या बुधवारी मी तिला पास दिला. हे रीळ पाहून ती सासरी परत गेली. पंधराव्या दिवशी तिला विहिरीतून काढली. मी हे रीळ आता लावत नाही. तुमची मर्जी. सु. तायडे, अकोला.'

त्याखाली निळ्या शाईत: 'मीही लावलं नाही. अमरावती.' पेन्सिलीनं: 'नाही लावलं. खामगाव.' आणि सगळ्यात खाली, वेड्यावाकड्या अक्षरांत, बहुधा तंबूवाल्यानं: 'नाही.'

अनसूयेला मी पाहिलं होतं. भावाचा जेवणाचा डबा घेऊन यायची. कापूस वेचून वेचून बोटं चिरलेली, आणि जिन्याखालून "दादा" अशी हाक. 'घरी काम होतं' म्हणजे हे काम होतं. आणि मी त्यालाच दडी मारणं म्हणालो होतो.

शेठजींनी चिठ्ठी वाचली नव्हती. त्यांना फक्त पाहुणा बिथरलेला दिसत होता आणि अकोल्याची गेलेली अब्रू. ते तायड्यांवर कडाडले, "कोनी सांगितलं तुले हे आज लावाले? सांग, कोनी सांगितलं?"

तायड्यांनी माझ्याकडं पाहिलं. एकदाच, फार तर श्वास घेण्याएवढा वेळ. मी वकील. बोलणं हा माझा धंदा. शब्द माझा होता, आणि त्यांनी तो विचारून घेतलेला होता. माझ्या तोंडून अक्षर फुटलं नाही.

"कोनी नाई," तायडे म्हणाले. "मीच."

सहाला समारंभ झाला. कसा झाला ते विचारू नका. दिग्दर्शक माइकपुढं आले, हातात बोंड घेतलं आणि म्हणाले, "तुम्ही ज्या चित्रपटाला मतं दिलीत तो मी काढलेला नाही. हे मला घेता येत नाही." बोंड टेबलावर ठेवलं आणि विंगेतून थेट स्टेशनवर गेले. ती चिठ्ठी त्यांच्या खिशातच गेली. सभागृहात कोणी टाळी वाजवेना, कोणी उठेना. लोकांना काय झालं तेच कळलं नव्हतं. मग शेठजींनी मला खूण केली आणि मी उठून आभार मानले. मंडपवाल्याचे, माइकवाल्याचे, हार देणाऱ्या माळ्याचे, पाणी वाटणाऱ्या स्वयंसेवकांचे. दरवर्षी माझं शेवटचं वाक्य ठरलेलं असायचं, 'आणि ज्यांच्याशिवाय पडदा पांढराच राहील ते आमचे ऑपरेटर सुखदेव तायडे.' लोक त्यावर मागं वळून केबिनीच्या भोकाकडं पाहत आणि टाळ्या वाजवत. त्या वर्षी ते वाक्य मी गिळलं. तरी सवयीनं काही माना मागं वळल्या. भोकात तायडे उभे होते, माणसाच्या भोकात.

दुसऱ्या दिवशी शेठजींनी त्यांना काढलं. मी मधे पडलो नाही. मंडळही पुढल्या वर्षी बंद पडलं आणि बोंड माझ्या कपाटात राहिलं. घरी बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मी झोपले नव्हते."

दोन वर्षांनी अमरावतीला कोर्टाचं काम निघालं. तायडे तिथं एका वितरकाकडं फिल्म तपासायच्या कामावर आहेत असं कळलं होतं. बोंड पिशवीत घालून गेलो. स्टेशनजवळची लांबट खोली, खिडकीशी टेबल, टेबलावर दोन चाकं, आणि तायडे एका हातानं चाक फिरवताहेत, दुसऱ्या हाताच्या चिमटीतून फिल्मची कड सरकतेय. कुठं फाटलं असेल तर बोटाला कळतं. सदरा पांढराच, कॉलर विरलेली.

मी वाटेत पाठ केलेलं सगळं एका दमात बोलून टाकलं. माझी चूक, माझा शब्द, माझं भित्रेपण. ते चाक फिरवत ऐकत होते.

"तुमी नाई म्हनलं असतं तरी मी थेच लावलं असतं, वकीलसाहेब," ते म्हणाले. "मी तं फकस्त इचारलं होतं. कावून एवढं मनाले लावून घेता?"

याहून त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी बोंड काढून टेबलावर ठेवलं. "हे तुमचं आहे."

त्यांनी ते उचललं, उलटसुलट केलं, चांदीच्या पाकळीवरून बोट फिरवलं. "कापूस हाय होय? अनसूया वेचे." आणि ते परत माझ्या हातात दिलं. "मले कायले? मी काई बनवलं नाई."

जायला वळलो तेव्हा भिंतीशी रचलेल्या डब्यांवर नजर गेली. तोच सिनेमा. नवी प्रत होती, पुन्हा लावायला आलेली. वर जाहिरातीचा कागद चिकटवलेला, 'नव्या शेवटासह', खाली दिग्दर्शकांचं नाव. मी डबे मोजले, परत मोजले. बाराच होते.

"तायडे! हे..."

"हो. काल आली. पाह्यली मी." त्यांनी चाक थांबवलं नाही. "आता बरोबर हाय. दार उघडते अन् जाते."

त्यांनी फिल्मची कड सोडली, पहिल्यांदाच माझ्याकडं नीट पाहिलं, आणि स्टेशनवरची रोजची गाडी किती लेट आहे ते सांगावं तशा आवाजात म्हणाले, "पयलेच अशी पाठवली असती, तं मी तिले पास देल्ला त्याचं काई वाटलं नसतं."

मग ते पुन्हा चाक फिरवू लागले. मी दारात चप्पल न घालता तसाच उभा होतो.